मेंदूच्या गाठीचं रेडिएशन झालेलं लेकरू, हाक मारली की वळतं, पण श्रुतलेखनात शब्द गळतात. ऑडिओग्राम बघून सांगा

विशेषशिक्षक_परभणी

नमस्कार. आमच्या तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत चौथीत असलेल्या एका मुलाबद्दल विचारायचं आहे. घरच्यांची परवानगी घेतली आहे, नाव-गाव टाकत नाही.

आजार मेड्युलोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूच्या मागच्या भागातली कॅन्सरची गाठ. सहाव्या वर्षी मुंबईत ऑपरेशन, त्यानंतर पूर्ण मेंदू आणि मणक्याला 23.4 ग्रे (ग्रे हे रेडिएशनचं माप), गाठीच्या जागी एकूण 54 ग्रे, रोज 1.8 ग्रे असे 30 डोस. मग सिस्प्लॅटिन, लोमुस्टिन, व्हिंक्रिस्टिनची केमो. सगळं संपून अडीच वर्षं झाली. शंट (मेंदूतलं पाणी उतरवायची नळी) बसवलेला नाही, एमआरआय चांगले येत आहेत.

वर्गशिक्षिकांची तक्रार अशी की मुलगा लक्ष देत नाही. वही मागवून पाहिली. गणित ठीक, पाहून लिहिलेलं ठीक. श्रुतलेखन मात्र वेगळंच दिसतं. ‘तू कधी आलास’ ऐवजी ‘तू कधी आला’, ‘साखर’ ऐवजी ‘आकर’, ‘थाळी’ ऐवजी ‘ताळी’. स तर जवळपास प्रत्येक ओळीत गळलेला. घरचे म्हणतात, मागून हाक मारली तरी वळतो, मग ऐकू कसं येत नाही?

तपासणी करून घेतली. हवेतून म्हणजे हेडफोन लावून, 500 (जाड आवाज), 1000, 2000, 4000, 8000 (बारीक आवाज) हर्ट्झला, डेसिबल जितके जास्त तितकं ऐकू कमी:
उजवा कान 15, 20, 30, 55, 70 डेसिबल.
डावा कान 40, 40, 45, 60, 70.
हाडातून, म्हणजे कानामागच्या हाडावर कंपन देऊन थेट आतल्या कानाचं, डावा कान, 4000 पर्यंत: 15, 20, 30, 50. उजव्याचं हाडातलं हवेइतकंच.
टिंपॅनोग्राम (कानाचा पडदा किती हलतो त्याची तपासणी) उजवीकडं ए म्हणजे ठीक, डावीकडं बी म्हणजे पडदा हलत नाही. रिपोर्टवर उजव्या कानापुढं ‘सरासरी 22 डेसिबल, सामान्य मर्यादेत’ असं लिहिलंय.

हे रेडिएशनमुळं की केमोमुळं? अजून वाढेल का? यंत्र लावायची खरंच गरज आहे का? आणि आपल्या भागात पुढचं कुठं करता येईल?

---

ऑडिओलॉजी_लातूर

सर, हवेतलं आणि हाडातलं दोन्ही टाकलंत हे फार चांगलं केलंत. त्याशिवाय डाव्या कानाचा उलगडा झालाच नसता.

आधी ते ‘सामान्य मर्यादेत’ बाजूला ठेवा. ही सरासरी 500, 1000 आणि 2000 हर्ट्झ या तीनच आकड्यांची आहे. 15, 20, 30 ची बेरीज 65, भागिले तीन, म्हणून 22. चार हजारावरचे 55 आणि आठ हजारावरचे 70 त्यात मोजलेच नाहीत. सिस्प्लॅटिन किंवा रेडिएशन झालेल्या मुलाचा कान या सरासरीवर कधीच जोखू नये. या मुलांसाठी सायॉप-बॉस्टन नावाची वेगळी श्रेणी आहे. 4000 च्या वरच फक्त 20 डेसिबलपेक्षा जास्त घट असेल तर श्रेणी 1, 4000 पासून असेल तर 2, 2000 किंवा 3000 पासून असेल तर 3, आणि 2000 पासूनच 40 च्या वर गेली तर 4. तुमच्या विद्यार्थ्याचा ‘सामान्य’ म्हटलेला उजवा कान या मापानं श्रेणी 3 मध्ये येतो.

हाकेला वळण्याचं कारण साधं आहे. हाक म्हणजे बहुतेक स्वर, आणि स्वरांचा जोर 1000 हर्ट्झच्या आसपास आणि त्याखाली असतो. तिथं त्याचा उजवा कान चांगला आहे. ‘स’ची सळसळ 4000 ते 8000 मध्ये, तीही हळू. ख, थ, फ मधला हवेचा फुंकाराही बराचसा वरच असतो, म्हणून थाळीची ताळी झाली. आपल्या भाषेत ‘आलास’, ‘करतोस’, ‘आईस’ असा शेवटचा स बरंच काही सांगून जातो, आणि तोच त्याला मिळत नाही. समोर बसून ओठ बघत बोललं की अंदाजानं भरून काढतो, म्हणून घरी कळत नाही. श्रुतलेखनात बाई पुस्तकात बघून, वर्गात फिरत वाचतात. तिथं अंदाज चालत नाही. ती वही जपून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. ऑडिओग्रामइतकाच तो पुरावा आहे.

आता डावा कान. हाडातून 15 आणि हवेतून 40, म्हणजे खालच्या पट्ट्यात 20 ते 25 डेसिबलचं अंतर, आणि टिंपॅनोग्राम बी. याचा अर्थ आतल्या कानाची घट दोन्हीकडं जवळपास सारखीच आहे, पण डावीकडं पडद्यामागं बहुधा पाणी साचलंय. रेडिएशननंतर घशाकडून कानाकडं जाणारी नळी सुजते, नीट उघडत नाही, आणि हे होतं. एवढा भाग बरा होण्यासारखा आहे. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीनं पडदा बघून घ्या, मळाचा गठ्ठाही बी देऊ शकतो. पाणी असेल तर साधारण तीन महिने वाट पाहून पुन्हा टिंपॅनोग्राम. नाही ओसरलं तर ग्रोमेटचा, म्हणजे पडद्यात बसवायच्या बारीक नळीचा, विचार होतो. मात्र रेडिएशन झालेल्या कानात ग्रोमेटनंतर कान वाहत राहण्याचा धोका जास्त असतो, म्हणून ते कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं.

एक सूचना, कारण इकडं शिबिरांत हे सर्रास होतं. पंख्याखाली, शाळेच्या खोलीत 500 ते 4000 एवढंच तपासून सोडून देतात. अशा मुलांना 6000 आणि 8000 तपासायलाच हवेत, घट तिथूनच सुरू होते. फक्त बेरा (आवाजाला मेंदूच्या खोडापर्यंत मिळणारा प्रतिसाद मोजणारी तपासणी) करून ‘नॉर्मल’ म्हणणाऱ्यांपासूनही सावध राहा. क्लिकवरचा बेरा मुख्यतः 2000 ते 4000 चा पट्टा दाखवतो, त्यावरची घट निसटते. उलट, गाठ मेंदूच्या मागच्या भागात होती त्यामुळं बेराची रेघ मेंदूच्या खोडाच्या कारणानंही बिघडलेली दिसू शकते. नऊ वर्षांचं मूल बटण दाबून नीट उत्तर देतं, बेरावर विसंबायची गरज नाही.

---

किरणोपचार_भौतिकी

रेडिएशन की केमो, याचं खरं उत्तर ‘दोन्ही’ असं आहे, आणि दोघं मिळून बेरजेपेक्षा जास्त नुकसान करतात. तरी वेगळं ओळखायची एक वाट आहे. केमो संपली तेव्हाचा ऑडिओग्राम मुंबईच्या फाइलमधून काढा.

सिस्प्लॅटिन आतल्या कानातल्या बाहेरच्या रांगेच्या केसपेशी मारतं. उपचार चालू असतानाच किंवा नंतरच्या काही महिन्यांत, दोन्ही कानांत सारखं, 8000 कडून खाली उतरत. हे औषध आतल्या कानातल्या शंखात, म्हणजे कॉक्लियात, महिनोन्महिने टिकून राहतं, त्यामुळं केमो थांबल्यावरही घट थोडी सरकू शकते. रेडिएशनचं नुकसान उशिरा येतं. अमेरिकेतल्या सेंट ज्यूड रुग्णालयानं 2016 साली सिस्प्लॅटिन अजिबात न मिळालेल्या 235 मुलांची माहिती मांडली. त्यात 14 टक्के मुलांना आतल्या कानाची घट झाली आणि त्यातल्या निम्म्यांना ती सुरू व्हायला रेडिएशननंतर 3.6 वर्षं किंवा जास्त लागली. काहींना तर दहा वर्षांनंतर. लहान वय, शंट आणि शंखाला मिळालेला जास्त डोस, या तीन गोष्टींनी धोका वाढला.

म्हणजे केमो संपून अडीच वर्षं आणि रेडिएशन संपून त्याहून जास्त काळ झालेल्या या मुलाला हा धोका अजून आहेच. केमो संपताना 4000 ला 55 च असेल तर तो बहुतांश सिस्प्लॅटिनचा हिशोब. तेव्हा 30 होता आणि आता 55 झाला असेल तर घट चालू आहे, आणि तपासणी जवळजवळ घ्यावी लागेल.

फाइलमध्ये आणखी एक आकडा शोधा: कॉक्लियाचा सरासरी डोस, उजवा आणि डावा वेगळा. ‘54 ग्रे’ हा गाठीच्या जागेचा आकडा, कानाचा नव्हे. सरासरी 35 ग्रेच्या आत ठेवला तर निव्वळ रेडिएशननं घट होण्याचा धोका कमी राहतो, 45-50 कडं गेला की झपाट्यानं वाढतो. सिस्प्लॅटिन सोबत असेल तर 35 सुद्धा निर्धास्त नाही, जितका कमी तितका बरा. रुग्णालयाकडून ‘ट्रीटमेंट समरी’ आणि डोसचा आलेख मागा. आईवडिलांचा तो हक्क आहे. वर्षं गेली की जुने प्लॅन शोधून काढणं अवघड होतं, म्हणून आत्ताच मागा.

ज्यांच्या लेकराचं रेडिएशन अजून व्हायचं आहे आणि जे हे वाचत असतील, त्यांनी पहिल्या डोसच्या आधी ऑडिओग्राम करून घ्यावा, आणि सिस्प्लॅटिनच्या प्रत्येक डोसआधी पुन्हा. मूळ रेघच नसेल तर पुढचं काही मोजता येत नाही. डॉक्टरांना स्पष्ट विचारा की दोन्ही कॉक्लिया प्लॅनमध्ये आखल्या आहेत का. शंख काही मिलिमीटरचा असतो, सीटीचे काप जाड असले की तो नीट दिसतच नाही. एक-दोन मिलिमीटरचे काप घेऊन आणि सीटीच्या चित्रात हाड स्पष्ट दिसेल अशी सेटिंग लावून तो आखावा लागतो. पूर्वी गाठीच्या वाढीव डोसात मेंदूचा मागचा पूर्ण कप्पा घेत, तेव्हा दोन्ही शंख त्यात सापडत. आता बऱ्याच ठिकाणी गाठीची जागा आणि भोवतीची थोडी किनार एवढंच घेतात, तिथंच कानाची बचत होते. नेहमीच्या एक्स-रेऐवजी प्रोटॉन किरण वापरून शंखाचा डोस आणखी उतरवता येतो. खारघरच्या टाटा रुग्णालयाच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये प्रोटॉन 2023 पासून चालू आहे. पण गाठ कानाच्या हाडाला चिकटून असेल तर कुठलंही यंत्र आणा, कान पूर्ण वाचत नाही. गाठीचा डोस कानासाठी तोडायचा नसतो.

सोडियम थायोसल्फेटबद्दल लोक विचारतात. सिस्प्लॅटिन संपल्यावर 6 तासांनी शिरेतून देतात, न पसरलेल्या घन गाठींसाठी अमेरिकेत 2022 मध्ये मान्यता मिळाली. वेळ चुकवून लवकर दिलं तर सिस्प्लॅटिनच निकामी होईल, आणि आजार पसरलेला असेल तर ते गाठीलाही वाचवेल अशी भीती आहे. म्हणून हा निर्णय पूर्णपणे कॅन्सरच्या डॉक्टरांचा. झालेली घट ते भरून आणत नाही, त्यामुळं या मुलाला आता त्याचा उपयोग नाही.

---

श्रवणयंत्र_नांदेड

यंत्र लागेल, दोन्ही कानांना, आणि डाव्या कानाच्या पाण्याची वाट बघत उजवा थांबवू नका. चौथी-पाचवीत नवे शब्द घरातून कमी आणि वर्गातून जास्त येतात. ते आत्ता निसटले की पुढं इतिहास-विज्ञानात मूल मागं पडतं.

या मुलांचं यंत्र बसवणं इतरांपेक्षा वेगळं असतं. खालचा पट्टा चांगला असल्यानं उजव्या कानात बसणारा यंत्राचा साचा बंद ठोकळा नको, मोठ्या छिद्राचा हवा. बंद साचा दिला की स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो आणि मूल दोन दिवसांत यंत्र काढून दप्तरात टाकतं. मग सगळे म्हणतात ‘त्याला सूट झालं नाही’. कानामागचं डिजिटल यंत्रच घ्या, आणि ज्याचा वरचा पट्टा निदान 6000 पर्यंत नीट वाजवतो असं घ्या. सेटिंग मुलांच्या सूत्रानं, म्हणजे डीएसएलनं करायला सांगा. मोठ्यांच्या ‘फर्स्ट फिट’वर, म्हणजे कंपनीच्या तयार सेटिंगवर, सोडू नका. कानात बारीक नळी घालून पडद्याजवळचा आवाज मोजतात, ती सोय असेल तिथंच जा. 8000 ला 70 आहे, वाढवूनही स पोचत नसेल तर वरचा आवाज खाली सरकवून देण्याची सोय चालू करता येते. पण ती शेवटी. आधीच चालू केली तर स आणि श एकसारखे वाजतात. डाव्या कानाचं पाणी ओसरलं की तिथं पुन्हा सेटिंग करावंच लागेल, नाहीतर खालचा आवाज नको इतका मोठा होईल.

वर्गात निव्वळ यंत्रानं भागत नाही. पत्र्याचं छत, पाऊस, शेजारचा वर्ग, उन्हाळ्यात पंखा. यंत्र हे सगळंच मोठं करतं. खरा फरक रिमोट माइकनं पडतो. बाईंच्या गळ्याशी तोंडापासून वीतभर अंतरावर माइक, आवाज थेट यंत्रात. घेताना यंत्र आणि माइक जुळतात का ते आधी पाहा, नंतर जोडता येत नाही. माइक मिळेपर्यंत पहिला बाक, खिडकीच्या विरुद्ध बाजूला, उजवा कान बाईंकडं. फळ्याकडं तोंड करून बोलू नये, श्रुतलेखनाचं वाक्य एका जागी उभं राहून दोनदा सांगावं. घरी कूलर चालू असताना सांगितलेलं त्याला कळणार नाही, हे आजीलाही सांगून ठेवा.

देखभाल आपल्या हवेप्रमाणं. 13 नंबरचा सेल, नारिंगी पट्टीचा, आठ ते चौदा दिवस जातो. पट्टी काढून मिनिटभर हवेत ठेवून मग घाला. एप्रिल-मेच्या कोरड्या उष्णतेत हे सेल लवकर सुकतात, पट्टी काढलेला सेल साठवू नका. पावसाळ्यात आणि घामानं नळीत पाणी धरतं, आवाज अचानक बंद होतो आणि लोक यंत्र बिघडलं समजून महिनाभर ठेवून देतात. रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की बदला. साचा वाढत्या वयात वर्षातून एकदा तरी बदलावा लागतो, नळी कडक झाली की त्याआधीही. शिट्टी वाजायला लागली की साचा सैल झाला समजा.

अ‍ॅडिप या केंद्र सरकारच्या दिव्यांगांसाठीच्या योजनेत अलिम्को या सरकारी कंपनीची यंत्रं मोफत मिळतात, उत्पन्नाची आणि 40 टक्के दिव्यांग प्रमाणपत्राची अट आहे. मोठ्यांना तीन वर्षांनी, 12 वर्षांखालच्या मुलांना वर्षानंतर पुन्हा घेता येतात. शिबिरात मिळालेलं यंत्र चाललं तर उत्तमच, फक्त त्याच दिवशी डब्यातून काढून कानात घालू नका, ऑडिओग्राम घेऊन सेटिंग करून घ्या.

---

विशेषशिक्षक_परभणी

सगळ्यांचे मनापासून आभार. केमो संपतानाचा ऑडिओग्राम सापडला: तेव्हा उजव्या कानाला 4000 वर 40, 2000 वर 15. तेव्हा टिंपॅनोग्राम दोन्हीकडं ए.

आणखी तीन गोष्टी. आजी आठवड्यातून दोनदा लसूण टाकून कोमट केलेलं तेल कानात सोडते. दुसरं, दिव्यांग प्रमाणपत्र मिळेल का? तिसरं, वडील म्हणतात, पुढं फारच कमी झालं तर ऑपरेशन करून कॉक्लियर इम्प्लांट (आतल्या कानात बसवायचं यंत्र) बसवू, आत्ता यंत्र कशाला?

---

ऑडिओलॉजी_लातूर

2000 ला 15 वरून 30, 4000 ला 40 वरून 55. अडीच वर्षांत दोन्ही आकड्यांत 15 डेसिबल. घट चालू आहे. दर सहा महिन्यांनी तपासा, सलग दोन वेळा रेघ स्थिर आली की वर्षातून एकदा. जागतिक मार्गदर्शनात 6 ते 12 वर्षांच्या मुलांना दोन वर्षांनी एकदा म्हटलंय, ते निदान एवढं तरी करा या अर्थानं. घट दिसल्यावर तेवढ्यावर थांबायचं नाही.

तेल आजच बंद. रेडिएशन झालेल्या कानाच्या वाटेची कातडी पातळ आणि कोरडी असते, मळ घट्ट होतो. त्यात तेल, काडी, पिन गेली की जखम होते आणि ती लवकर भरत नाही. आजीला दोष देऊ नका, प्रेमानं करतात. त्यांना यंत्र पुसायचं आणि सेल बघायचं काम द्या. मळ डॉक्टरांकडूनच काढायचा.

ताप-जुलाबात जेंटामायसिन किंवा अ‍ॅमिकासिनचं इंजेक्शन देण्याची पद्धत इकडं आहे. दोन्ही औषधं कानावर जातात. फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा: ‘सिस्प्लॅटिन आणि डोक्याचं रेडिएशन झालं आहे, कानाला घातक औषध देण्याआधी विचारा.’ लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइडही त्यात येतं. जीव वाचवायला द्यावंच लागलं तर द्यायचं, पण माहीत असून. लग्नाच्या आणि मिरवणुकीच्या डीजेपासून लांब. जावंच लागलं तर यंत्र काढून कानावर इअरमफ.

प्रमाणपत्राचं स्पष्ट सांगते. दिव्यांग हक्कांच्या 2016 च्या कायद्यात ‘ऐकू कमी येणं’ म्हणजे दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्ट्यात 60 ते 70 डेसिबल. हा मुलगा आज त्यात बसत नाही. तरी यूडीआयडीचा (दिव्यांगांच्या ओळखपत्राचा) अर्ज करून जिल्हा रुग्णालयातून मोजणी करून घ्या, टक्केवारी कागदावर येऊ द्या, पुढं घट वाढली तर उपयोगी पडेल. शाळेतल्या सवलतीसाठी प्रमाणपत्राची वाट बघू नका. पहिला बाक आणि दोनदा वाक्य सांगणं याला कुठलाच शिक्का लागत नाही. तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयातलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र, ज्याला सगळे डीईआयसी म्हणतात, तिथं 18 वर्षांपर्यंत मोफत बघतात. जाण्याआधी ऑडिओलॉजिस्ट कोणत्या दिवशी असतात ते विचारा. नाहीतर नांदेडचं विष्णुपुरीचं किंवा संभाजीनगरचं घाटी सरकारी रुग्णालय.

अजून एक, सर. डोक्याच्या रेडिएशननंतर मुलांचा विचारांचा वेगही मंदावतो. ऐकू आलेलं समजून उत्तर द्यायला त्याला जास्त वेळ लागेल. यंत्र लावल्यावरही ‘लक्ष देत नाही’ ही तक्रार पूर्ण जाणार नाही, आणि त्यावरून यंत्र निरुपयोगी ठरवू नये. मुंबईत मानसशास्त्रीय चाचणी मागून घ्या.

---

किरणोपचार_भौतिकी

वडिलांना एवढं सांगा. कॉक्लियर इम्प्लांट हा दोन्ही कानांत खूप घट झाल्यावर, यंत्रानं शब्द कळेनासे झाल्यावरचा उपाय आहे. या मुलाचा खालचा पट्टा चांगला आहे, तो ऑपरेशननं जाऊही शकतो. दुसरी अडचण एमआरआयची. इम्प्लांटमध्ये चुंबक असतं, त्यामुळं त्या बाजूच्या चित्रावर मोठा काळा डाग पडतो, नेमका गाठ जिथं होती त्या भागाजवळ. गाठ परत आली का हे बघायला अजून वर्षानुवर्षं एमआरआय लागणार आहेत. पुढं कधी वेळ आलीच तर एमआरआयला चालणारं, चुंबक काढता येईल असं मॉडेल निवडावं लागेल आणि न्यूरोसर्जनना त्यात घ्यावं लागेल. तोवर मेंदूला शब्द ऐकायची सवय यंत्रानंच टिकते. वर्षानुवर्षं न ऐकलेल्या कानात बसवलेल्या इम्प्लांटचा फायदाही कमी होतो.

पुढच्या एमआरआयला मुंबईला जाल तेव्हा त्याच फेरीत ऑडिओग्रामची वेळ आधी फोन करून घ्या आणि जुने सगळे ऑडिओग्राम एका पिशवीत न्या. कानाची तपासणी एमआरआयच्या आधी ठेवा, त्या मशीनच्या आवाजानंतर कान काही वेळ बधिर राहू शकतात. एमआरआयच्या खोलीत जाण्याआधी दोन्ही यंत्रं काढून आईच्या हातात द्या, आणि आत कानात बोळे आणि वर इअरमफ दोन्ही मागून घ्या.